जुन्या मोटारीला नवे ब्रेक

जुनी वस्तू टाकून न देता जपून वापरण्याची हौस इंग्रज माणसाला फार आहे. आजोबांचे घड्याळ, वाफेचे इंजिन आणि जुनी मोटार यांसाठी तो वेळ, पैसा आणि रविवारची झोप आनंदाने खर्च करतो. विलायतेतील एखाद्या उपनगरातून सुट्टीच्या दिवशी फेरफटका मारला, तर घरापुढे मोटार उचलून ठेवलेली आणि तिच्याखालून मालकाचे फक्त पाय दिसत आहेत, असे दृश्य नजरेस पडते.

आमचे एक मामा अशांपैकीच आहेत. मॉरिशसहून तरुणपणी ते परिचारकाच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले, तेथेच रुग्णालयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर १९६७ सालची मॉरिस मायनर विकत घेतली. गेल्या सुट्टीत आम्ही लंडनजवळ त्यांच्याकडे राहिलो, तेव्हा पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवण्याचे काम घरीच चालले होते. शिक्षकी सवयीने आम्ही प्रश्न विचारीत राहिलो आणि वही भरत गेली. त्या वहीतले काही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. मॉरिस मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिचा आराखडा अलेक इसिगोनिस यांचा. पुढे मिनी ही चिमुकली मोटारही त्यांनीच घडवली. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली आणि १९७१ मध्ये तिचे उत्पादन थांबले. भारतात २०१४ पर्यंत बनत असलेली अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, म्हणजे ही दोन्ही एकाच घराण्यातली भावंडे.

मायनरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. पुढचे ड्रम आधी ७ इंचांचे होते, १९६२ मध्ये मोठे इंजिन आले तेव्हा ते ८ इंचांचे झाले. त्या काळच्या रहदारीला ते पुरेसे होते. आज मात्र पुढे धावणारी नवी मोटार क्षणात थांबते आणि तिच्यामागच्या म्हाताऱ्या गाडीलाही तेवढ्याच जागेत थांबावे लागते.

येथे थोडे गणित करू. ब्रिटनच्या 'हायवे कोड' या वाहतूक-नियमांच्या पुस्तकात थांबण्याची अंतरे दिलेली आहेत. ताशी ३० मैल वेग असेल, तर धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी ९ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर, एकूण २३ मीटर. ताशी ६० मैलांना हेच आकडे १८ आणि ५५, एकूण ७३ मीटर होतात. वेग दुप्पट झाला, विचाराचे अंतरही दुप्पट झाले, पण ब्रेकचे अंतर जवळजवळ चौपट झाले. कारण धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ती सारी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत रूपांतरित करावी लागते.

ड्रम आणि डिस्क यांतला फरक या उष्णतेपाशीच आहे. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यात दोन अर्धगोल शू असतात. पायाने दाबल्यावर ते बाहेर सरकून डब्याच्या भिंतीला घासतात. लांब उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक लावले की उष्णता आत कोंडते, डबा प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनिंगची पकड सैल होते. पाय तोच, जोर तोच, पण गाडी ऐकत नाही. डिस्क ब्रेकमध्ये उघड्यावर फिरणाऱ्या थाळीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. वारा लागून थाळी लवकर निवते आणि पाणीही झटकले जाते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ सालीच या कल्पनेचे पेटंट घेतले होते. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली तेव्हा. १९६२ च्या एम.जी.बी. गाडीला पुढे डिस्क कारखान्यातूनच मिळाल्या. मायनरला त्या कधीच मिळाल्या नाहीत. म्हणून हौशी मालक त्या घरी बसवतात.

मग चारही चाकांना का नाही? ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. हलक्या चाकाला जबर ब्रेक लागला तर ते जागीच अडकते आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून मामांनी मागचे ड्रम तसेच ठेवले.

आम्हाला शिक्षक प्रशिक्षणात एक सूत्र शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मामांनी नकळत तेच पाळले. नवा संच मागवण्यापूर्वी त्यांनी जुने ब्रेक पूर्ण दुरुस्त केले. जुने ब्रेक वाईट म्हणून बदनाम होतात, पण पुष्कळदा दोष निगेचा असतो. व्हील सिलिंडर झिरपत असतो, लायनिंग तेलाने माखलेले असते, रबरी नळ्या आतून कुजलेल्या असतात. लायनिंग झिजले की हे ड्रम हाताने जुळवून घ्यावे लागतात, तेही कोणी केलेले नसते. सगळे नीट करून मामांनी दोन महिने गाडी चालवली, आणि मोठ्या रस्त्यावरच्या वेगाला हे पुरत नाही अशी खात्री पटल्यावरच पुढचे पाऊल टाकले.

कामाची सुरुवात सुरक्षिततेने. जमीन सपाट आणि टणक हवी, मागच्या चाकांना अडण हवी, आणि गाडी जॅकने उचलली तरी तिचा भार मजबूत स्टँडवर हवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये बंदी आली, पण जुन्या ड्रममध्ये ती धूळ आजही सापडू शकते. ती हवेने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. तोंडावर योग्य मुखवटा बांधून ती ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके पिशवीत बंद करावे. रुग्णालयात आयुष्य काढलेले मामा याबाबतीत फार कडक होते. धाप लागलेली माणसे त्यांनी जवळून पाहिली होती.

यानंतर जुना ड्रम आणि त्यामागचा पत्रा काढून त्या जागी कॅलिपर धरणारा आधार, नवी थाळी व कॅलिपर बसवायचे. हे पान्याचे काम झाले. खरा विचार लागतो तो द्रवाच्या दाबाचा. शाळेत शिकवतात तो पास्कलचा नियम येथे कामाला येतो. मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चासीच्या तुळईत दडलेला असतो. ड्रमसाठी केलेल्या या सिलिंडरमध्ये नळ्यांत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. तीच झडप डिस्कला तशीच ठेवली, तर पाय उचलल्यावरही पॅड थाळीला चिकटून राहतात आणि तापतात. म्हणून संचाबरोबरच्या सूचनेप्रमाणे तिची व्यवस्था करावी लागते. शिवाय ड्रममधला शू फिरत्या डब्याबरोबर आपणहून ओढला जातो, तशी मदत डिस्कला मिळत नाही. पायाला जोर जास्त लागतो. त्यासाठी इंजिनाच्या निर्वाताचा उपयोग करणारा सर्वो जोडतात. सर्वो पायाचे श्रम वाचवतो, खराब ब्रेक मात्र चांगले करीत नाही.

ब्रेक ऑईल हे नावाचेच ऑईल. त्यात इंजिनाचे तेल चुकूनही पडता कामा नये, कारण त्याने आतली रबरे फुगून निकामी होतात. नेहमीचे डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ते नळीत उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, पण वाफ दबते. पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ते ठराविक काळाने बदलावे, आणि काम झाल्यावर नळ्यांतली हवा पूर्ण काढावी. हे दोन माणसांचे काम. मामी पेडलवर, मामा चाकाशी.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. हं, सोड."

असे चारही चाकांना तासभर चालले. मामी म्हणाल्या, "लग्नापासून एवढं ऐकलं नव्हतं मी यांचं."

आता कायद्याकडे वळू. ब्रिटनमध्ये १९६० साली एम.ओ.टी. तपासणी सुरू झाली, ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहण्यासाठी. पण २० मे २०१८ पासून नोंदणीला ४० वर्षे उलटलेल्या बहुतेक गाड्यांना तिच्यातून सूट मिळाली, अर्थात गाडीत मूलभूत बदल केलेला नसेल तर. सुरक्षिततेसाठी केलेली ब्रेकची सुधारणा या कारणाने सूट घालवीत नाही. विमा कंपनीला मात्र ती कळवावी लागते. मात्र सूट तपासणीपुरती आहे. धोकादायक गाडी रस्त्यावर आणली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनबंदीही.

मामांच्या गाडीलाही सूट होती. तरीही काम संपताच ते ती स्वखुशीने तपासणी केंद्रात घेऊन गेले. तेथे चाके फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येकाचा जोर यंत्राने मोजतात. एका आसावरच्या दोन चाकांपैकी एकाचा जोर दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहून कमी भरला, तर गाडी नापास. रस्त्यावर सुरेख थांबणारी मामांची गाडी नापास झाली. उजव्या बाजूच्या, डागडुजी करून विकलेल्या कॅलिपरचा एक दट्ट्या अर्धवट अडकत होता. साध्या ब्रेकला ते जाणवत नव्हते. ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावला असता, तर गाडी डावीकडे, म्हणजे थेट पदपथाकडे ओढली गेली असती. कॅलिपर बदलला आणि दुसऱ्या खेपेस गाडी पास झाली.

सूट असताना तपासणीचे पैसे का भरता, असे आम्ही विचारले. मामा म्हणाले, "गाडी सुरू झाली नाही तर नुकसान माझं एकट्याचं. थांबली नाही तर कोणाचं, ते आधी कसं सांगू?"

हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले, कारण आपल्या बेटाला त्याची किंमत ठाऊक आहे. ३ मे २०१३ रोजी सोरेझ येथे ब्रेक निकामी झालेली बस उलटली आणि १० माणसे गेली. त्या बसमधल्या प्रवाशांपैकी कोणीही ब्रेक तपासले नव्हते, आणि ते त्यांचे कामही नव्हते. ब्रेक सांभाळणारा एक असतो, त्यावर विसंबणारे अनेक.

तेव्हा वाचकहो, घरी जुनी गाडी असेल, तिच्यावर हौसेने हात चालवायचा असेल, तर जरूर चालवा. कष्टाने मिळवलेले ते ज्ञान पैशाने मिळत नाही. पण आपल्या कामाचे गुण आपणच देऊ नयेत. परीक्षा माफ झाली तरी अभ्यास माफ होत नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत तर परीक्षाही माफ करून घेऊ नये. शामारेलच्या उतारावर गाडी घालण्यापूर्वी ती एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.