सांधे वाजणे आणि हाडांचे आरोग्य

राजूरच्या परिसरात पावसाळ्यात भातलावणीस आरंभ झाला, की माणसे दिवसभर चिखलात वाकून उभी असतात. सायंकाळी बांधावर येऊन कंबर सरळ करताना पाठ कडकडते. उकिडवे बसून उठताना गुडघा वाजतो. धडधाकट माणूस त्याकडे लक्ष देत नाही. परंतु ज्यास दमा, मधुमेह, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा विकार असा दीर्घकाळचा आजार आहे, त्याच्या मनात शंका येते, की हाडे झिजू तर लागली नाहीत? या शंकेपोटी कोणी कॅल्शियमच्या गोळ्या आणतो, कोणी काम सोडून घरी बसतो, तर कोणी चालू असलेले औषध आपल्याच विचाराने बंद करतो. या तिन्ही मार्गांनी अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून सांध्याचा आवाज काय सांगतो व काय सांगत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आवाज कशाने होतो

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि भोवतालच्या पिशवीत वंगणासारखा दाट द्रव असतो. या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा एकाएकी ताणला गेला, म्हणजे आतील दाब कमी होतो, वायूची पोकळी निर्माण होते आणि ‘कट्’ असा आवाज येतो. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा वाजत नाही. त्यास सुमारे २० मिनिटे लागतात. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोट मोडत असतानाच आतील चित्रे घेऊन ही पोकळी तयार होताना पाहिली. कधी स्नायूची दोरी हाडाच्या उंचवट्यावरून सरकते, तेव्हाही आवाज होतो. वेदना किंवा सूज नसेल, तर हे दोन्ही आवाज निरुपद्रवी होत.

अमेरिकेतील डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी ५० वर्षांहून अधिक काळ केवळ डाव्या हाताची बोटे रोज मोडली व उजव्या हाताची मोडली नाहीत. १९९८ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की दोन्ही हातांत संधिवात नव्हता. एका माणसाचा अनुभव हा पुरेसा पुरावा नव्हे हे खरे. तथापि अनेक लोकांच्या तपासणीतही बोटे मोडण्याचा व संधिवाताचा संबंध दिसून आलेला नाही.

तिसरा प्रकार मात्र निराळा आहे. गुडघा हलविताना वाळू भरडल्यासारखी करकर सतत होत असेल आणि सोबत वेदना, सूज किंवा सकाळचा ताठरपणा असेल, तर कूर्चा झिजत असण्याची शक्यता असते. अशा वेळी तपासणी करून घ्यावी. परंतु ही झीज सांध्याची होय. हाडाचा ठिसूळपणा ही वेगळी गोष्ट आहे.

ठिसूळ हाड वाजत नाही

वाळवी लागलेला वासा वरून शाबूत दिसतो व भार पडताच मोडतो. ठिसूळ हाडाचेही तसेच आहे. आत पोखरले जात असता ते आवाज करीत नाही आणि बहुधा दुखतही नाही. किरकोळ पडण्याने मनगट किंवा खुबा मोडतो, तेव्हाच ते कळते. म्हणून दीर्घ आजारात सांधा वाजतो म्हणून घाबरू नये, तसेच तो वाजत नाही म्हणून निश्चिंतही राहू नये.

दमा किंवा संधिवातासाठी तीन महिने वा अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्यास हाडे क्षीण होतात. मूत्रपिंड बिघडल्यास शरीरात ड जीवनसत्त्व कार्यक्षम होत नाही व हाडांतील कॅल्शियम ओढले जाते. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, दीर्घकाळ अंथरुणास खिळणे आणि स्त्रियांची पाळी बंद होणे यांनीही अस्थिभंगाचा धोका वाढतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा रोग्यास जांघेत दुखू लागल्यास विलंब करू नये.

ग्रामसेवकांनी व कार्यकर्त्यांनी काय विचारावे

सांधा वाजतो असे सांगणाऱ्या रोग्यास पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. आजार किती वर्षांचा आहे व कोणती औषधे चालू आहेत?
२. किरकोळ पडण्याने पूर्वी हाड मोडले आहे काय?
३. उंची कमी झाली आहे किंवा पाठीस बाक आला आहे काय?
४. रात्री हाडे दुखतात काय? बसल्या जागेवरून उठणे जड जाते काय?
५. सांधा सुजला, तापला किंवा अडकला आहे काय? ताप येतो व वजन घटते काय?

यांपैकी एकाही धोक्याच्या लक्षणाचे उत्तर होकारार्थी आल्यास, किंवा स्टिरॉइडचे औषध दीर्घकाळ चालू असल्यास, रोग्यास औषधांच्या चिठ्ठीसह ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. सुजलेल्या, गरम सांध्यासोबत ताप असल्यास त्याच दिवशी पाठवावे. स्टिरॉइडचे औषध एकाएकी बंद केल्यास जिवास धोका संभवतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावयाचे असते. सांधेदुखीवर तात्काळ गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत, कारण त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.

आहार व श्रम

हाडांना पोषक असे धान्य या डोंगराळ भागात घरचेच आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. नागलीची भाकरी, दूध, डाळी, अंगावर ऊन घेणे व रोजचे चालणे यांनी हाडे बळकट राहतात. तंबाखू व दारू त्यांना मारक आहेत. मूत्रपिंडाच्या रोग्याने मात्र आहारातील बदल व कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. तेथे जाणता शेतकरी बैल चालवून पाहतो, पाय तपासतो, लंगड ओळखतो. खुरांचा आवाज ऐकून तो बैलाची किंमत करीत नाही. माणसाच्या सांध्यांविषयीही हाच विवेक ठेवावा. आवाजापेक्षा वेदना, सूज, चाल आणि चालू असलेले औषध यांकडे लक्ष द्यावे.