हजारात एक चालत नाही

नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या एसटी स्टँडपासून लोखंडी नळ अंथरायला सुरुवात करायची. दिंडोरीवरून नाशिक, पुढे इगतपुरी, घाट उतरून कसारा, मग शहापूर. भिवंडीच्या थोडे अलीकडे पोहोचलो की दीडशे किलोमीटर भरतात. एवढा नळ ‘आयएनएस विक्रांत’ या एका विमानवाहू जहाजाच्या पोटात बसवला आहे. जहाजाची लांबी 262 मीटर, म्हणजे आतला नळ त्या लांबीच्या 570 पटींहून जास्त. इंजिन थंड करणारे समुद्राचे पाणी, पिण्याचे गोडे पाणी, इंधन, वंगण, दाबाची हवा, हायड्रॉलिक तेल, आग विझवायचे पाणी, सांडपाणी, प्रत्येकाची वाट वेगळी. दोन हजारांहून अधिक कप्प्यांमधून, वर-खाली, आडवे-तिडवे हे नळ फिरतात.

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे आकडे सगळीकडे छापून आले. सुमारे 43 हजार टन वजन, 2,500 किलोमीटर विजेच्या केबल, 88 मेगावॉटची ताकद. सरकारी माहितीपत्रकातल्या देशी मालाच्या यादीत आणखी एक आकडा होता: 2,000 व्हॉल्व्ह. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. माझ्या मते सगळ्या यादीत तोच सर्वांत अवघड आकडा आहे.

वाचायला तो लहान वाटतो. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माणसाकडे विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हपासून ठिबकच्या बॉल व्हॉल्व्हपर्यंत डझन-दोन डझन व्हॉल्व्ह सहज असतात. एखादा गळला तर सुतळी गुंडाळतात, नाहीतर तालुक्याच्या दुकानातून नवा आणतात. तोवर चार ओळींना पाणी कमी पडते, एवढेच. जहाजाचे गणित इथून पुढे बदलते.

समजा, एक कारखाना इतका चोख आहे की त्याच्या हजार व्हॉल्व्हमध्ये फक्त एक दगा देतो. बाजारात या मालाला कोणी नावे ठेवणार नाही. असे दोन हजार व्हॉल्व्ह एका जहाजावर बसवले, तर एकही दगा देणार नाही याची शक्यता किती? 13 ते 14 टक्के. म्हणजे सातपैकी सहा वेळा कुठेतरी एखादा तरी बिघडलेला निघणार. प्रमाण दहा हजारांत एक केले तर शक्यता 82 टक्क्यांपर्यंत जाते. लाखात एकावर नेले, तेव्हा कुठे 98 टक्के. जहाजाला लागणारे व्हॉल्व्ह दोन हजारच, पण ते बनवणाऱ्याचा हात लाखाच्या हिशेबाने चालावा लागतो. शंभरपैकी शंभर माल तपासायचा आणि प्रत्येक नगाचा कागद ठेवायचा, हा नौदलाचा हट्ट यातूनच येतो.

आता पाण्याचा जोर पाहू. जहाजाच्या तळाशी समुद्राचे पाणी आत घेण्याची तोंडे असतात. त्यांच्यावर बसवलेले व्हॉल्व्ह म्हणजे समुद्र आणि जहाज यांच्यातला दरवाजा. पाण्याच्या पातळीखाली 5 मीटरवर, 200 मिलिमीटर व्यासाचा असा एक दरवाजा उघडा राहिला तर मिनिटाला सुमारे 11 हजार लिटर पाणी आत येते. तासाला साडेसहाशे टनांच्या वर. हेच तोंड पाणबुडीला 300 मीटर खोलीवर असेल, तर चौरस सेंटिमीटरला 30 किलोहून जास्त दाब पडतो आणि त्या वीतभर झडपेवर साडेनऊ टनांहून अधिक भार रेलतो. झडप सुटली तर मिनिटाला 85 हजार लिटरच्या पुढे, म्हणजे सेकंदाला जवळपास दीड टन पाणी. पाण्याखालची पाणबुडी वजनाच्या काट्यावर तोललेली असते. काही टनांच्या फरकानेही तिचा तोल जातो.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्या साडेसदुसष्ट मीटर लांब आहेत. एवढ्या जागेत सुमारे 11 किलोमीटर नळ आणि 60 किलोमीटर केबल बसवली आहे. माणसाला वळायला जिथे जागा नाही, तिथे फिटरने पाना फिरवायचा आणि वेल्डरने जोड द्यायचा. या वर्गातली दुसरी ‘खांदेरी’. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये जे बेट अडवून दुर्ग उभारला, त्याचे नाव तिला दिले आहे. दिवे गेले, धूर भरला, तरी हाताच्या चाचपणीने नेमका व्हॉल्व्ह सापडला पाहिजे, याची तयारी पाणबुडीवर प्रत्येकाकडून करून घेतात.

पाण्यापेक्षा मीठ जास्त चिवट शत्रू. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात साधे पितळ ठेवले तर त्यातले जस्त हळूहळू निघून जाते. वरून व्हॉल्व्ह शाबूत दिसतो, आत तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले तर खारे पाणी त्यांची बॅटरी करते आणि एक धातू दुसऱ्यासाठी झिजत राहतो. म्हणून समुद्राच्या पाण्याला निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ, गनमेटल, कुठे टायटॅनियम. ओतकाम करताना भट्टीच्या प्रत्येक घाणीला क्रमांक पडतो, तो क्रमांक व्हॉल्व्हच्या अंगावर कोरला जातो आणि वीस वर्षांनी तडा गेला तरी तो धातू कोणत्या दिवशी वितळला होता इथपर्यंत माग काढता येतो.

माल हातात आला की परीक्षा. व्हॉल्व्ह टेबलावर आवळतात, दोन्ही तोंडांना फ्लँज लावतात आणि आत पाणी भरून हवा पूर्ण काढून टाकतात. मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देतात. 30 किलोला चालणारा असेल तर 45 किलो. सगळे अंग कोरड्या फडक्याने पुसून घेतात, कारण घामाचा एक थेंबही गळती म्हणून फसवू शकतो. पंप बंद करतात. गेजचा काटा जिथे आहे तिथेच थांबला पाहिजे. तपासनीस ग्लँडभोवती, बॉनेटच्या सांध्यावर, ओतकामाच्या कोपऱ्यांवर बॅटरीचा झोत टाकत फिरतो. नंतर झडप बंद करून एका बाजूने पुन्हा दाब आणि दुसऱ्या बाजूला नजर. ओल दिसली तर नग बाजूला. त्या नगावर महिनाभराची मेहनत असली, तरी बाजूलाच.

एवढ्यावर भागत नाही. लढाईत जहाजाला गोळा लागलाच पाहिजे असे नाही. जवळ पाण्यात सुरुंग फुटला तरी सगळे जहाज हादरते आणि ओतीव लोखंडाचा साधा व्हॉल्व्ह तडकतो. अमेरिकेने 2021 च्या उन्हाळ्यात ‘जेराल्ड फोर्ड’ या आपल्या नव्या विमानवाहू जहाजाशेजारी समुद्रात तीन वेळा सुमारे 18-18 टन स्फोटके उडवली. भूकंपमापकावर पहिल्या स्फोटाची नोंद 3.9 झाली. स्वतःच्या जहाजावर हा प्रयोग करण्याचे कारण एकच: आतले व्हॉल्व्ह, पंप, पाइप, पाते-पाते जागेवर राहते का ते पाहणे. यंत्रसामग्रीला असे धक्के देऊन पाहण्याची सोय आपल्याकडे विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत आहे.

हे सगळे वणीपासून किती लांबचे? समुद्र तर सरळ रेषेतही शंभर किलोमीटरच्या पलीकडे. पण यंत्रे तेवढी लांब नाहीत. वणीपासून चाळीसेक किलोमीटरवर, नाशिकला, किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठ्या इंजिनांचा कारखाना आहे. फ्रान्सच्या पीलस्टिक कंपनीच्या परवान्याने किर्लोस्करांनी बांधलेली इंजिने नौदलाच्या ‘कामोर्टा’ वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौकांवर आहेत. त्यातली पहिली ‘आयएनएस कामोर्टा’ 23 ऑगस्ट 2014 रोजी नौदलात आली. अशा प्रत्येक नौकेवर 12 सिलिंडरची चार इंजिने, एकेकाची ताकद 3,888 किलोवॉट. चारही मिळून सुमारे 21 हजार अश्वशक्ती. आपल्या विहिरीवरची मोटर पाच अश्वशक्तीची धरली, तर अशा 4,200 मोटरी एकदम चालू केल्या तेव्हा होणारी ताकद. विक्रांतचा हिशेब याच मापाने केला तर 23 हजारांहून जास्त मोटरी.

या इंजिनाच्या आत पुन्हा व्हॉल्व्ह आहेत, पण वेगळ्या कुळीचे. इंजिन मिनिटाला 1,050 फेरे घेते. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदा उघडते, म्हणजे मिनिटाला 525 वेळा. चार इंजिनांचे 48 सिलिंडर आणि दर सिलिंडरला हवा घेणारी एक, धूर सोडणारी एक एवढ्याच झडपा धरल्या, तरी 96 झडपा तासाला 30 लाखांहून जास्त उघडझापी करतात. धूर सोडणारी झडप जळत्या वायूत तापते आणि दर वेळी त्याच आसनावर, तितकीच घट्ट बसते. समुद्रतोंडावरचा व्हॉल्व्ह याच्या अगदी उलट. तो वर्षानुवर्षे हलतच नाही, शेवाळ आणि शंखशिंपले अंगावर वागवतो आणि एखाद्या रात्री क्षणात बंद व्हावा अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. एकाने अविरत हलायचे, दुसऱ्याने न हलता तयार राहायचे. मला दुसऱ्याचे काम जास्त कठीण वाटते.

ते जमले नाही तर काय होते, याची किंमत समुद्रात मोजली गेली आहे. 10 एप्रिल 1963 रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी अटलांटिकमध्ये खोल पाण्याची चाचणी देताना बुडाली. 129 माणसे गेली. चौकशीनुसार बहुधा समुद्राच्या पाण्याच्या नळाचा एक डाग दिलेला जोड सुटला. उडालेल्या पाण्याने वीजयंत्रणा बिघडली आणि अणुभट्टी थांबली. वर येण्यासाठी टाक्यांतले पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलायचे होते. हवा जोरात सुटताना थंड पडली, तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ झाला आणि हवेच्या व्हॉल्व्हमधल्या गाळण्या त्या बर्फाने बंद झाल्या. या एका दुर्घटनेनंतर अमेरिकी नौदलाने पाण्याच्या दाबाशी झुंजणाऱ्या प्रत्येक जोडाची आणि झडपेची कागदासह तपासणी बंधनकारक केली. त्या तपासणीतून पूर्ण पास झालेली एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही.

6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेलफलाटावर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. त्याच्या जागी तात्पुरती तबकडी बसवली, ती घट्ट नव्हती. रात्रपाळीला याचा पत्ता नव्हता. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. गॅस फुटला, 167 जण गेले. हा व्हॉल्व्ह बिघडलाही नव्हता, तो फक्त जागेवर नव्हता.

आपल्या मराठी मुलखाला जहाजांचे काम नवे नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. त्याच वालचंदांनी आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, रावळगावला साखर कारखाना उभारला आणि 1941 मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीचा पाया घातला. तिथली ‘जलउषा’ 14 मार्च 1948 रोजी पाण्यात उतरली. साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता वालचंदनगरच्या कारखान्याने पुढे नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स बनवले. ऊस गाळणाऱ्या यंत्राचे दाते कातणारा हात जहाजाच्या गिअरबॉक्सचे दाते कातू शकतो, हे तिथे सिद्ध झाले आहे.

तरीही इंजिनांची गाडी अजून परवान्यावरच चालली आहे. 2 एप्रिल 2025 रोजी संरक्षण मंत्रालयाने किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी 6 मेगावॉटच्या सागरी डिझेल इंजिनाचा करार केला. आरेखन आणि विकास इथेच, खर्च 270 कोटी रुपये, त्यातले 70 टक्के सरकारचे. नमुन्याच्या इंजिनात निम्म्याहून जास्त माल देशी असावा अशी अट आहे. उरलेला निम्मा कोण बनवणार, हा प्रश्न सातपूर, अंबड, सिन्नर आणि दिंडोरीच्या औद्योगिक वसाहतींनी स्वतःला विचारायला हवा. मोटारगाड्यांचे सुटे भाग लाखांनी काढणारी शेड चार डझन झडपांकडे पाठ फिरवते, कारण चार डझनांत नफा दिसत नाही. हे मी चूक मानतो. लाखात एकाच्या हिशेबाने माल काढायला शिकलेला कारखाना पुढे कोणत्याही गिऱ्हाईकापुढे ताठ उभा राहतो.

परदेशातून येणाऱ्या लष्करी सुट्या भागांची यादी संरक्षण मंत्रालयाने 2020 पासून ‘सृजन’ पोर्टलवर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. ज्यांच्याकडे लेथ आहे, ओतकाम आहे, मायक्रोमीटर धरणारी चार तरुण पोरे आहेत, त्यांनी ही यादी उघडून आपल्याला झेपेल असा एक तरी भाग निवडावा.