दारे धरणाऱ्या खेळाडूचे मोल

पूर्वी विहिरीवर मोट चालू असली की मोटकऱ्याचे गाणे साऱ्या शिवारात ऐकू जायचे. पण खाली वाफ्यात दारे धरणारा गडी कोणाच्या खिजगणतीत नसायचा. हातात खोरे, पाय चिखलात, नजर पाटावर. पाट फुटला की माती ओढून बुजवायचा, एक वाफा भरला की दुसऱ्याचे दार मोडायचे. तो असला म्हणजे विशेष काही घडलेले दिसत नाही. तो नसला म्हणजे पाणी शेजाऱ्याच्या रानात जाते, आणि मग त्याची आठवण होते.

फुटबॉलमध्येही असा एक गडी असतो. संघात अकरा जण. एक गोल राखतो, काही जण बचाव करतात, पुढचे गोल मारतात. या दोन्हींच्या मध्ये जी फळी असते, तिच्यात बचावाच्या पुढ्यात एक जण उभा राहतो. समोरच्याचा हल्ला मध्येच तोडायचा आणि मिळालेला चेंडू जवळच्या चांगल्या खेळाडूला द्यायचा, हे त्याचे काम. गोल त्याच्या नावावर जवळजवळ नसतातच. मग त्याचे मोल ठरवायचे कसे? हा वाद स्पेनमध्ये २००३ साली झाला, आणि फुटबॉलवेडी माणसे तो अजून घालतात.

स्पेनच्या माद्रिद शहरातला रेआल माद्रिद हा नामांकित क्लब. अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी २००० सालापासून दर वर्षी एक मोठा तारा आणण्याचा सपाटा लावला. २००० साली फिगो, २००१ साली झिदान, २००२ साली रोनाल्डो, २००३ साली बेकहॅम. झिदानसाठी मोजलेली रक्कम तर त्या वेळी जगात सर्वांत मोठी होती. याच संघात क्लॉद माकेलेले नावाचा खेळाडू होता. आफ्रिकेतल्या किन्शासा शहरात १९७३ साली जन्मलेला, फ्रान्समध्ये वाढलेला. तो आल्यावर तीन वर्षांत क्लबने दोनदा स्पेनची लीग आणि २००२ साली युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली.

माकेलेलेला मिळणारा पगार या ताऱ्यांच्या मानाने फारच कमी होता. २००३ च्या उन्हाळ्यात त्याने वाढ मागितली. क्लबने नकार दिला. अखेर लंडनच्या चेल्सी क्लबने त्याला सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांना विकत घेतले. जाताना पेरेझ यांनी जाहीरपणे सुनावले की, हा काही फार कसबी खेळाडू नव्हे, याचे चेंडू बहुधा आडवे नाही तर मागे जातात, याची उणीव भासणार नाही.

पुढे काय झाले ते आकड्यांत पाहा. २००२-०३ च्या लीगमध्ये रेआलवर ३८ सामन्यांत ४२ गोल झाले होते आणि संघ पहिला आला होता. २००३-०४ मध्ये तेवढ्याच सामन्यांत ५४ गोल झाले, संघ चौथा आला, आणि शेवटचे पाचही सामने हरला. त्यानंतर २००७ पर्यंत लीग काही हाती लागली नाही. इकडे चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल होऊ दिले आणि ५० वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली. माकेलेलेने चेल्सीकडून लीगचे १४४ सामने खेळले आणि गोल केले अवघे दोन!

झाले तर मग, निकाल लागला, असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. त्याच उन्हाळ्यात रेआलने प्रशिक्षक विसेन्ते देल बॉस्के यांनाही निरोप दिला होता, आणि बचावातला जुना कर्णधार फेर्नांदो येर्रोही गेला होता. चेल्सीकडे नवा धनाढ्य मालक, नवा प्रशिक्षक आणि चेक नावाचा उत्तम गोलरक्षक आला होता. तेव्हा सारे श्रेय किंवा सारे नुकसान एकाच माणसाच्या पदरात टाकणे बरे नव्हे. शिवाय पेरेझ यांचीही एक बाजू होती. ताऱ्यांच्या नावावर प्रेक्षक येतात, सदरे खपतात, आणि त्याच पैशावर क्लब चालतो. मोटेशिवाय पाटाला पाणी कुठून येणार?

माझ्या मते पेरेझ यांची चूक तारे आणण्यात नव्हती, मोजमापात होती. किती लांब चेंडू मारला, किती नजरेत भरला, या मापाने त्यांनी माकेलेलेला मोजले. त्याचे काम मोजायला माप वेगळे हवे होते. तो किती हल्ले तोडतो? त्याच्या भरवशावर बाकीचे किती मोकळे खेळतात? आणि तो गेला तर त्याची जागा घेणारा आपल्याकडे कोण आहे? या शेवटच्या प्रश्नाचे धड उत्तर नसताना क्लबने त्याला जाऊ दिले.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात वादविवाद घेता तेव्हा हा विषय देऊन पाहा: पगार कोणाला वाढवून द्यावा, बेकहॅमला की माकेलेलेला? दोन्ही पक्षांना वरचेच आकडे द्या. पण अट घाला की, एका माणसाच्या जाण्याने काय बदलले आणि दुसऱ्या कारणांनी काय बदलले, हे मुलांनी वेगळे करून सांगायचे. मुले फुटबॉल शिकतीलच, पण पुराव्याला पुरावा म्हणणे आणि समजुतीला समजूत म्हणणे हेही शिकतील.

आणि तुमच्या घरी, शाळेत, सोसायटीत असा दारे धरणारा कोणी असेल, तर तो पगारवाढ मागायला येण्याची वाट पाहू नका. त्याच्या कामाचा हिशेब एकदा आपणहून करून पाहा.