कॉम्प्युटरच्या पोटातली पोफळी

दोस्तांनो, भारीतला गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं की घरात काय चर्चा रंगते! ग्राफिक्स कार्ड कोणतं, प्रोसेसर कोणता, पंख्यांचे दिवे लाल की निळे? सगळं ठरतं आणि पैसे संपत येतात. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, एसएमपीएस राहिलाच की! घे कुठलाही, नुसता डबाच तर आहे तो!"

थांबा! बाकी सगळे भाग याच डब्याच्या हातचं खातात. डबा हलका निघाला, तर जाताना तो महागाचं ग्राफिक्स कार्डही सोबत नेऊ शकतो. तेव्हा आई-बाबांनाही शेजारी बसवा आणि पुढचं वाचा.

हा डबा करतो तरी काय? आपल्या घरी वीज येते ती २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० हेलकावे घेणारी. कॉम्प्युटरच्या नाजूक भागांना मात्र हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एका दिशेने शांतपणे वाहणारी वीज. एसएमपीएस आधी हेलकावे काढून वीज सरळ करतो. मग तिची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून ती खाली उतरवतो.

आता जरा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोफळीला जाऊ या. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून इथे येतं आणि वीज तयार करतं. १९६२ साली इथली निर्मिती सुरू झाली आणि आज कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. बोगद्यातून धावत आलेलं पाणी थेट उतारावरच्या नळांत सोडत नाहीत. मध्ये एक उल्लोळ विहीर असते. यंत्रं अचानक थांबली की उसळलेलं पाणी तिच्यात चढतं. अचानक सुरू झाली की पहिलं पाणी तीच पुरवते. त्यामुळे बोगद्याला दणका बसत नाही.

एसएमपीएसमध्येही अशाच विहिरी असतात. त्यांना म्हणतात कपॅसिटर. खेळात अचानक मोठा स्फोट झाला, की ग्राफिक्स कार्ड क्षणभर एकदम जास्त वीज मागतं. कपॅसिटर दमदार असले तर ती मागणी भागते. नाहीतर ऐन मोक्याला पडदा काळा! २०२२ साली आलेल्या 'एटीएक्स ३.०' या नियमावलीने म्हणूनच मोठ्या पुरवठ्यांना अट घातली, की १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार आला तरी तो सोसता आला पाहिजे. भारी कार्ड घेणार असाल तर खोक्यावर हे नाव शोधाच.

मग किती वॅटचा घ्यायचा? चला, हिशेब करू. समजा, कार्ड आहे आरटीएक्स ४०८०. त्याला लागतात ३२० वॅट. प्रोसेसर १२० वॅटचा. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे मिळून ८० धरू. बेरीज झाली ५२०. म्हणून ५५० चा घ्यायचा? छे! अचानक येणाऱ्या मागणीसाठी हात सैल ठेवायला हवा. या कार्डाची कंपनी स्वतःच ७५० वॅट सुचवते. मात्र उगीच १,२०० वॅटचा घेऊन बाबांचा खिसाही रिकामा करू नका.

आता खरी मेख! डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. बाजूची चिठ्ठी वाचा. कार्ड आणि प्रोसेसर जेवतात ते १२ व्होल्टच्या पंगतीत. तिथे किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२ ने गुणा. ६२.५ अँपिअर असतील तर ७५० वॅट. म्हणजे प्रामाणिक डबा. पण वर '५०० वॅट' आणि १२ व्होल्टसमोर २५ अँपिअर असतील, तर तिथे मिळणार फक्त ३००! पाचवीतला गुणाकार किती कामी येतो, बघा!

खोक्यावर '८० प्लस' असा शिक्काही दिसेल. ही पद्धत २००४ साली सुरू झाली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा तिच्या पायऱ्या आहेत. वीज किती वाया जाते ते त्यावरून कळतं. आपल्या ५२० वॅटच्या कॉम्प्युटरसाठी ९० टक्के कार्यक्षम डबा भिंतीतून सुमारे ५७८ वॅट ओढेल, तर ८० टक्क्यांचा ६५०. रोज तीन तास खेळलात तर महिन्याला सहा-साडेसहा युनिटांचा फरक! (रोज तीन तास खेळायची परवानगी आईकडून आधी मिळवा हं!) पण लक्षात ठेवा, शिक्का बचतीचा आहे, सुरक्षिततेचा नाही. जादा व्होल्टेज, जादा प्रवाह आणि शॉर्टसर्किट झाल्यास डबा स्वतःहून बंद होतो का, ते माहितीपत्रकात वेगळं पाहायचं.

एवढं झालं की संपलं? नाही. आपलं घरही तपासायला हवं. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्यात का? येत असतील तर अर्थिंगमध्ये खोट असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात कातळ सुकला की तो वीज नीट पोटात घेत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. तिसरी पिन मोडून प्लग बसवणं तर शुद्ध वेडेपणा! वायरमनकाकांना बोलावून एकदा अर्थिंग मोजून घ्या.

कोकणातली वादळं तर तुम्हाला ठाऊकच आहेत. जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळाने दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आडवे केले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही दिवे गेले. आकाशात गडगडायला लागलं की प्लग भिंतीतून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज अगदी क्षणभरच लुकलुकली, तर चांगला एसएमपीएस १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, आपल्या साठ्यावर तग धरतो. त्याहून जास्त हवं असेल तर यूपीएस लागतो. पण ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे! असे यूपीएस बहुधा ३६० वॅटच्या आसपासच देतात. आपल्या ५२० ला ते पुरणार नाहीत.

शेवटी दोन गोष्टी वहीत लिहूनच ठेवा. एक, एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला लावू नका. खाच तंतोतंत बसली तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि मग डिस्क जळते. दोन, एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या 'विहिरीत' ३०० व्होल्टहून अधिक वीज साठून राहिलेली असू शकते. ती जिवावर बेतू शकते. बिघडला तर दुकानात न्या.

मग करणार ना एक काम? आज घरच्या कॉम्प्युटरच्या मागे डोकावून पाहा. चिठ्ठी दिसली तर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि १२ ने गुणा. आतल्या बाजूला असेल, तर आधी प्लग काढा आणि मोठ्यांना झाकण उघडायला सांगा. उत्तर आलं की बाबांना विचारा, "आपला डबा खरं बोलतो का हो?"