कुलमुखत्यारपत्र : घराचा व्यवहार आणि अधिकाराची मर्यादा

शहागडसारख्या गोदाकाठच्या गावी घर थोरल्या भावाच्या नावे असते आणि तो स्वतः पुण्यात वा परदेशात स्थायिक झालेला असतो. घर विकायचे ठरले की गावातील धाकट्या भावास कुलमुखत्यारपत्र दिले जाते. यात गैर काहीच नाही. नातलगास खरेदीखत करून देण्यासाठी मुखत्यार नेमणे हा रास्त व्यवहार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणातही मान्य केले आहे.

११ ऑक्टोबर २०११ च्या त्याच निकालाने दुसरी एक प्रथा मात्र अमान्य ठरविली. पूर्ण रक्कम घेऊन ताबा द्यावयाचा आणि मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखताऐवजी विक्रीकरार, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र करावयाचे, ही ती प्रथा. नोंदणीकृत खरेदीखताविना मालकी हस्तांतरित होत नाही. पैसे मोजणाऱ्याच्या हाती घर येते, मालकी येत नाही.

खरे संकट उभे राहते ते मूळ मालकाच्या मृत्यूनंतर. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्याराचा अधिकार सामान्यतः तेथेच संपतो. मुखत्याराचे स्वतःचे हित त्या मिळकतीत गुंतलेले असेल तर कलम २०२ चा अपवाद आहे. भावाभावांतील बिनमोबदला पत्रास तो आधार सहसा मिळत नाही. म्हणून खरेदीदाराने सहीच्या दिवशी मूळ मालकाशी प्रत्यक्ष बोलून घ्यावे. ‘दादा हयात आहेत ना?’ हे नात्यात विचारणे अवघड वाटते खरे. पण आयुष्यभराची पुंजी गुंतलेली असताना हा संकोच परवडणारा नाही.

गहाणाच्या बाबतीत बँकेचा वकील पत्रातील शब्द न् शब्द वाचतो, कारण न्यायालये अशा पत्राचा अर्थ काटेकोरपणे लावतात. विक्रीचा अधिकार लिहिला म्हणून गहाण ठेवण्याचा मिळत नाही. कर्ज काढणे, मूळ दस्त बँकेकडे ठेवून गहाण निर्माण करणे, ही कामे स्पष्ट नमूद हवीत; ‘इत्यादी सर्व कामे’ या शब्दांवर विसंबू नये.

महाराष्ट्रात जवळच्या नात्यात बिनमोबदला दिलेल्या विक्रीच्या मुखत्यारपत्रास ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. परक्यास दिल्यास बाजारमूल्यावर खरेदीखताप्रमाणे आकारणी होते. परदेशात केलेले पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

पत्र रद्द करतानाही दक्षता हवी. कलम २०८ नुसार तिऱ्हाइतास कळेपर्यंत रद्दबातल होणे त्याच्यापुरते लागू होत नाही. म्हणून मुखत्यारास व बँकेस लेखी कळवावे आणि मूळ पत्र परत ताब्यात घ्यावे.