छापांची यादी कशी करावी?

मित्रांनो, आपल्या वर्गात पुष्कळ मुलामुलींना छाप जमवण्याचा छंद आहे. छाप म्हणजे रिकाम्या काडेपेटीवरचे चित्र. कोणी ते डब्यात ठेवतो, कोणी पिशवीत. पण "तुझ्याकडे मोराचा छाप आहे का?" असं कोणी विचारलं की सगळा डबा पालथा करावा लागतो. त्यासाठी यादी करावी. ती कशी करावी हे मी सांगणार आहे. कार्डे, तिकिटे, नाणी जमवणाऱ्यांनाही हीच रीत चालेल.

प्रथम वहीच्या पानावर उभ्या रेघा मारून सात रकाने आखावेत. क्रमांक, चित्र, रंग, किंमत, कारखान्याचे गाव, कोठून मिळाला, आणि किती नग आहेत. मग एकेक छाप हातात घेऊन भरत जावे.

हे करताना चार गोष्टी पाळाव्यात.

१) एका ओळीत एकच छाप लिहावा.

२) एका रकान्यात एकच गोष्ट लिहावी. "लाल मोर दोन रुपये" असं सगळं एका जागी कोंबलं तर नुसत्या किंमती बघायच्या म्हटल्या तरी बघता येत नाहीत.

३) एका गोष्टीला एकच शब्द ठेवावा. आज मोर आणि उद्या पक्षी असं लिहिलं तर मोजताना घोटाळा होतो.

४) जे वाचता येत नाही तिथे आडवी रेघ मारावी. अंदाजाने काही लिहू नये.

यादीतला क्रमांक छापाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावा. नाहीतर यादी एकीकडे आणि छाप दुसरीकडे! मी क्रमांकाच्या आधी गटाचे अक्षर लिहिते. प्राण्यांना 'प्रा', फुलांना 'फु', वाहनांना 'वा'. म्हणजे 'प्रा ७' म्हटलं की तो प्राण्यांचा सातवा छाप. नवीन प्राणी मिळाला तर तो 'प्रा ८' होतो, बाकीचे क्रमांक बदलावे लागत नाहीत.

असे अक्षर आणि आकडे लावण्याचे काम पूर्वी अमेरिकेत एका माणसाने फार मोठे केले आहे. ती गोष्ट गुरुजींनी सांगितली. त्यांचे नाव जेफरसन बर्डिक. त्या काळी तिकडे सिगारेटच्या पाकिटात आणि गोळ्यांच्या पुड्यात चित्रांची कार्डे येत. बर्डिक यांनी तीन लाखांहून जास्त कार्डे व चित्रे जमवली, आणि कार्डांच्या प्रत्येक संचाला अक्षर व आकडा देऊन त्यांची सूची छापली. तंबाखूबरोबर आलेल्या विसाव्या शतकातल्या कार्डांना त्यांनी 'टी' हे अक्षर दिले. त्यातला 'टी २०६' हा संच आजही याच नावाने ओळखतात. १९४७ सालापासून त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. सांधे दुखत असतानाही ते तिथे बसून कार्डे वह्यांत चिकटवत. १९६३ साली ते वारले. पण त्यांची सूची वाचून दुसऱ्या कोणालाही ती कार्डे ओळखता येतात.

यादी केली की न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. माझ्याकडे ११२ छाप आहेत. किंमतीचा रकाना मोजला तेव्हा ५० पैशांचे ९, १ रुपयाचे ४६ आणि २ रुपयांचे ३८ निघाले. १९ छापांवरची किंमत पुसलेली आहे. आता गंमत बघा. काडेपेटी २००७ साली ५० पैशांवरून १ रुपयाला झाली आणि १ डिसेंबर २०२१ पासून २ रुपयांना. म्हणजे छापावर साल नसले तरी किंमतीवरून त्याचे वय साधारण कळते. आजीच्या ट्रंकेत सापडलेले ५० पैशांचे छाप आमच्या जन्माच्या आधीचे आहेत!

गावाचा रकाना वाचला तर शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी हीच नावे पुन्हा पुन्हा येतात. ही गावे तमिळनाडूत आहेत. तिथे पाऊस कमी आणि हवा कोरडी, म्हणून काड्या चांगल्या वाळतात. शिवकाशीचे दोघे नाडर १९२२ साली कलकत्त्याला जाऊन हे काम शिकून आले, तेव्हापासून तिथे हा धंदा वाढला. आपण पेटी बाजारच्या दिवशी इथल्या दुकानात घेतो, पण ती किती लांबून येते पहा.

शाळेच्या संगणकावरही असाच तक्ता करता येतो. त्यात किंमतीप्रमाणे क्रम लावायचा तर एक बटण दाबले की झाले. मात्र आधी सगळा तक्ता निवडावा. एकच रकाना निवडून क्रम लावला तर मोराची किंमत हत्तीला जाऊन बसते. किंमतीच्या रकान्यात नुसता आकडा लिहावा, 'रुपये' लिहू नये, म्हणजे संगणक तो आकडा म्हणून धरतो.

यादीचा खरा उपयोग गेल्या पावसाळ्यात कळला. माझ्या एका मैत्रिणीच्या घरात पाणी शिरलं आणि तिचे सगळे छाप भिजून लगदा झाले. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. पण तिची वही फळीवर होती म्हणून वाचली. मग आम्ही मधल्या सुट्टीत तिची यादी मोठ्याने वाचली आणि प्रत्येकाने आपल्या यादीतला 'नग' हा रकाना पाहिला. ज्याच्याकडे दोन होते त्याने एक दिला. तिच्या ६४ छापांपैकी ४१ परत जमले. यादी नसती तर काय गेलं हे तिलाही आठवलं नसतं आणि काय द्यायचं हे आम्हाला कळलं नसतं. उरलेल्या २३ छापांची नावे या लेखाच्या शेजारी लावली आहेत. ती सर्वांनी वाचावीत.

पालकांना विनंती, काडेपेटी रिकामी झाली की चुलीत टाकू नये, आम्हाला द्यावी. आणि मित्रांनो, काड्या असलेली पेटी आपण घ्यायची नाही. रिकामीच घ्यायची.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी