आठवणींची घडी उकलताना

निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहावयास बसणाऱ्यांचा महाराष्ट्रात कधी तुटवडा पडला नाही. शिक्षक, मुख्याध्यापक, कारकुनीतून वर चढलेले अधिकारी अशा अनेकांची पुस्तके पदरमोड करून छापली जातात आणि आप्तेष्टांत वाटली जातात. त्यांतील बहुतेकांत नेमणुका, बदल्या, बढत्या आणि सत्कार यांची क्रमवार नोंद असते; म्हणजे सेवापुस्तकात जे आधीच लिहिलेले होते, तेच. आई प्रेमळ होती, वडील शिस्तीचे होते, एवढे सांगून घर दोन पानांत आटोपते. वस्तुतः लिहिता लिहिता विसरलेले घर पुन्हा हाती लागावे, हेच या उद्योगाचे खरे फळ होय.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे याचे ठळक उदाहरण. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून मुलाने, देवदत्तांनी, आईकडे आठवणी मागितल्या. हेतू होता कवीच्या चरित्राला साधने मिळवण्याचा. पण आठवणी एकदा निघू लागल्या, त्या कवीपाशी थांबल्या नाहीत. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. तरी त्यांच्या आजोबांना सत्तावनच्या धामधुमीत झालेली फाशी आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात शिरलेले सोवळ्याचे वेड पुस्तकात येते. स्वतः न पाहिलेली ही घटना त्यांना घरातूनच मिळाली असणार. पुढे टिळकांचा संताप, पैशाविषयीची बेफिकिरी, न सांगता घर सोडून जाणे, १८९५ मधील धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट हे सारे उतरत गेले. १९३४ मध्ये पहिला भाग निघाला, तेव्हा मागितलेल्या टिपणांच्या जागी एका संबंध संसाराची कथा उभी होती. टिळक त्यात लहान होत नाहीत. ते घरातले माणूस होतात. स्तुतिपर चरित्रांना हे क्वचितच साधते.

रमाबाई रानड्यांनीही १९१० मध्ये न्यायमूर्तींच्या आठवणी लिहिल्या. पण सुनेने पुस्तक हाती धरले म्हणून घरच्या बायकांनी दिलेले टोमणेही त्यांत नोंदले गेले. रानड्यांची सार्वजनिक कामगिरी अन्यत्रही वाचावयास मिळते. ते टोमणे दुसऱ्या कोणी लिहून ठेवले नसते.

अर्थात स्मृती ही काही कपाटात जपलेली पावती नव्हे. इंग्रज मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, माणूस आठवतो म्हणजे दर वेळी नव्याने रचतो, आणि रचताना आपल्या सोयीचे बदल करतो. म्हणून आठवणीला कागदाचा ताळा हवा. शाळा सोडल्याचा दाखला, सातबाऱ्याचे उतारे, पोस्टकार्डे, आणि सर्वांत बोलकी म्हणजे वडिलांची हिशेबाची वही. अशा वहीत जून महिन्यात 'पाटल्या मोडल्या' अशी नोंद आणि तिच्याखालीच कॉलेजच्या फीची रक्कम आढळते, तेव्हा आईचे हात त्या वर्षापासून ओके का होते, याचा उलगडा साठीला आलेल्या मुलाला होतो. 'स्वकष्टाने शिकलो' हे प्रकरण मग नव्याने लिहावे लागते. काहीजण ते लिहितात, काहीजण वही मिटून ठेवतात.

त्यातही बायकांच्या आठवणी हाती लागणे फार कठीण. कित्येक घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तान्त छापले. पण त्यांत पुरुषांच्या शाखा विस्ताराने येतात आणि बायकांच्या वाट्याला एखादी ओळ. लग्नात नाव बदललेले असल्यामुळे आजीचे माहेरचे नावदेखील नातवाला ठाऊक नसते. जुने कागद मोडीत असले तर ते वाचणारा माणूस शोधत हिंडावे लागते. उरते ती ऐंशी पार केलेली एखादी आत्या किंवा मावशी. तिच्याकडे जाणे बहुधा पुढच्या सुट्टीवर ढकलले जाते. गेल्यावर तिला घराण्याचा इतिहास विचारू नये. ती गोंधळून 'मला मेलीला काय ठाऊक' म्हणेल. जुना फोटो पुढे ठेवून विचारावे: ही कडेला उभी कोण? तुला माहेरी काय म्हणत? आईची किती मुले गेली? आणि त्या पाटल्या परत कधी झाल्या का?